बिऱ्हाडवाले सर

फ्लॉप्या लोकरीच्या दोऱ्याने बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. काळ्या चौकोनी फ्लॉप्यांची चवड घ्यायची, टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या, एक वेढा उभा, एक आडवा, आणि वर अशी गाठ मारायची, की एसटीच्या टपावरून गेली तरी ढिली होऊ नये आणि सोडणाऱ्याने एक टोक ओढलं की अलगद सुटावी. हा दोरा सरांच्या आईने त्यांच्या गावी, कळसला, चातीवर कातलेला असायचा. बारामतीतल्या इतर कॉम्प्युटरवाल्यांकडे प्लॅस्टिकचे डबे होते. आमच्याकडून निघालेला माल मात्र माहेरवाशिणीच्या गाठोड्यासारखा दिसायचा. लोक हसत. सर त्यांना हसू देत आणि गाठ एकदा ओढून बघत.

तोंडावर सगळे त्यांना नुसतं सर म्हणत, पाठीमागे बिऱ्हाडवाले सर. कारण सेटअपला ते बिऱ्हाड म्हणायचे. इंग्रजी येत नव्हतं अशातला भाग नाही. पुण्यातली प्रोग्रॅमरची बरी नोकरी सोडून ते बारामतीत आले होते. पण त्यांचं घर मूळचं मेंढरांमागे हिंडणारं. वडिलांनी पुढे कळप मोडून कळसला शेती धरली, तरी लहानपणीची काही वर्षं सर मेंढपाळांच्या हलत्या तळाबरोबर चालले होते. घोडीच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि त्या सगळ्याच्या वर बसलेले सर. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम आपल्या मशीनवरून दुसऱ्याच्या मशीनवर जायचा म्हटलं की त्यांना पहिली घोडीच आठवायची. "बिऱ्हाड म्हंजी काय वो?" ते नव्या माणसाला विचारायचे आणि उत्तर स्वतःच द्यायचे, "जितं उतरंल तितं संसार उभा ऱ्हायला पायजे. इसरलेलं आणायला मागं जायचं न्हाय."

मी त्यांच्याकडे लागले ती एका अटीवर. अट त्यांची नव्हे, माझ्या सासऱ्यांची, आबांची. कन्हेरीला आमचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, टोमॅटो आणि बांधाच्या कडेने पेरू. मी बी.एस्सी. झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि खुरपं धरलं की माझ्या हाताला वेग नसतो हे घरात सगळ्यांनी बघितलेलं. तरीही सून रोज वडापच्या जीपने बारामतीला जाणार, ही गोष्ट आबांच्या काही पचनी पडेना. आबा ओरडणारे नव्हते. ते फक्त म्हणाले, "दिवाळीपतुर बगू. जमलं तर जमलं, न्हायतर मळा हायच." आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा होतो. मला ते काम हवं होतं. पगारासाठी हवं होतंच, पण त्याहून जास्त अशासाठी, की दिवसातले काही तास मी कुणाची सून नसायचे, काहीतरी येत असलेली बाई असायचे. हे मी नवऱ्याजवळही बोलले नव्हते.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या वेळी गावोगावच्या डेअऱ्यांनी आणि सोसायट्यांनी नुकते कॉम्प्युटर घेतले होते, पण प्रिंटर मात्र कुणीतरी वापरून टाकलेले, जुने. त्यांवर मराठी छापलं की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जात. कागदावर माणसांची नावं मुंडकी आणि पाय नसलेली उमटत. मराठी छापण्यासाठी सरांच्या पुण्यातल्या एका मित्राने एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. घरात एकदा वाटण करून ठेवावं, मग ते आमटीत घालावं, भरल्या वांग्यातही घालावं, तसा हा आयता लिहिलेला भाग. कुठल्याही प्रोग्रॅमने घ्यावा आणि वापरावा. मित्राने तिचा सोर्ससुद्धा, म्हणजे आतला मूळ लिहिलेला मजकूर, मोकळ्या मनाने देऊन टाकला होता. सरांनी ती उघडून जुन्या प्रिंटरांसाठी आतून बदलली. डेअरीच्या प्रिंटरसाठी एक बदल, रुंद कागदवाल्यासाठी दुसरा. दर बदलाला नवं बिल्ड, म्हणजे मशीनला चालवता येईल अशी नवी तयार प्रत, आणि दर बिल्डला, ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर नीट उतरावं म्हणून, नवं बिऱ्हाड. ही बिऱ्हाडं बांधायचं काम माझ्याकडे आलं.

माझं पहिलं बिऱ्हाड माझ्या मशीनवर झकास चाललं. मी ऐटीत सरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "छान. आता माळावर उतरवा." माळ म्हणजे कोपऱ्यातलं एक रिकामं मशीन. त्यावर मुद्दाम काहीही ठेवलेलं नसे, आणि प्रत्येक चाचणीआधी ते पुसून पुन्हा कोरं करायचं असा नेम होता. माळावर माझं बिऱ्हाड उतरलं आणि हटूनच बसलं. कुठलीशी एक बारकी फाईल नव्हती. माझ्या मशीनवर ती कधीपासूनची पडून होती, म्हणून बांधताना मला तिची आठवणच झाली नव्हती. सर रागावले नाहीत. "घरात मीठ असतंयच, म्हणून ते आठवत न्हाय," ते म्हणाले. "माळावर भाकरी हातात घेतल्यावर आठवतं." तेव्हापासून मी काहीही बांधायला घेतलं की पहिलं मीठ शोधते. घरातून मळ्यात जेवण पाठवायचं असलं तरी तेच.

पहिल्या फ्लॉपीवर काय असावं याबद्दलही त्यांची मतं पक्की होती. आधी मशीनवर जागा आहे का ते बघायचं. "मेंढरं आत घातल्यावर रान लहान हाय म्हणून काय उपेग?" मग रानाच्या मालकाला विचारायचं. बाहेरून येणाऱ्या सेटअपमध्ये इंग्रजीत पानभर मजकूर यायचा आणि लोक न वाचता पुढे पुढे दाबत सुटायचे. आमच्या पडद्यावर ठसठशीत अक्षरांत यायचं, "राम राम. उतरू का?" आणि खाली दोन बटणं, "उतरा" आणि "नको". मला हा पोरखेळ वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मग आम्ही कळसच्या डेअरीत बिऱ्हाड घेऊन गेलो. तिथले सेक्रेटरी, सगळ्या गावाचे तात्या, कॉम्प्युटरपासून चार हात लांब बसायचे आणि माऊसला शिवायलाही तयार नव्हते. पडद्यावरची अक्षरं वाचून त्यांनी टोपी सारखी केली, मशीनला राम राम घातला, आणि "उतर की बाबा, इचारतूस काय," असं म्हणत बटण आपल्या हाताने दाबलं. सर माझ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांचं हसणं असंच असे, दुसरीकडे तोंड करून.

त्यांची शाबासकीही तशीच. ती कधी मिळालीच नाही म्हटलं तरी चालेल. काम बरं झालं तर पुढचं काम जरा अवघड द्यायचे, त्यावरून ओळखायचं. चहा मात्र स्वतः करायचे आणि तो इतका गोड असायचा, की आमच्या ऑफिसातल्या मुंग्या इतर ऑफिसातल्या मुंग्यांपेक्षा धष्टपुष्ट होत्या असं माझं अजून मत आहे.

प्रत्येक संचाच्या वरच्या लेबलावर बिल्डचा नंबर लिहायचा आणि त्याखाली 'बांधणार' असं लिहून बांधणाऱ्याचं नाव घालायचं, हाही त्यांचाच नेम. तळावर घोडीवरची गाठ कुणी मारली हे सगळ्यांना ठाऊक असे. वाटेत ओझं घसरलं की हाक त्यालाच. मला सुरुवातीला या लेबलाची भीती वाटायची. चुकलं तर नाव चारचौघांत. पण हळूहळू दुसरंच काही वाटायला लागलं. 'बांधणार : शैला' एवढंच, कुणाची कोण ते नाही, सून नाही, सौभाग्यवती नाही. मी स्वतः जिथे कधी गेले नव्हते अशा गावांत माझं नाव फ्लॉपीवर बसून हिंडून येत होतं. त्याचा मला आतून फार आनंद व्हायचा.

उतरण्याइतकंच सरांच्या लेखी उठण्याला महत्त्व. एखाद्या गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम नको झाला, तर तो काढणारी वेगळी फ्लॉपी आम्ही बांधून द्यायचो. आम्ही आणलेली प्रत्येक फाईल, प्रत्येक नोंद उचलून न्यायची आणि शेवटी पडद्यावर यायचं, "येतो. राम राम." एवढ्यानेही सरांचं समाधान होत नसे. तळ हलल्यावर रान पायाखालून घालणाऱ्या म्हाताऱ्यासारखे ते सगळे फोल्डर उघडून बघत, मागे काही राहिलंय का. "आपण उठल्यावर रानमालकाला लेंड्या सोडून काय घावता कामा न्हाय." एकदा मी वैतागून विचारलं, "सर, मग आपल्या लेंड्या कुठल्या?" त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "छापलेले कागद," ते म्हणाले. "ते ऱ्हाऊ द्या. त्येच्यावर पीक येतं."

आणि मागे काही ठेवायचं नाही या नेमानेच आम्ही पस्तावलो.

भिगवणला मासळी व्यापाऱ्यांच्या एका संस्थेत आमचा प्रोग्रॅम होता. संस्थेत नवी मंडळी निवडून आली आणि त्यांनी ठरवलं, की पुन्हा हातानेच लिहायचं, प्रोग्रॅम काढून न्या. सरांना वाईट वाटलं, राग आला नाही. "मालक उठ म्हणला की उठायचं," म्हणाले. काढणारी फ्लॉपी मी बांधली. सर स्वतः भिगवणला गेले, प्रोग्रॅम काढला, आमची बदललेली लायब्ररीही काढली, आणि काय काय नेलं ते कळावं म्हणून ती फ्लॉपी संस्थेच्या कारकुनाकडे ठेवून परत आले. आल्यावर हात झटकत म्हणाले, "झाडून आलो."

आता त्या मशीनची गंमत अशी होती, की सकाळी त्यावर मासळी असायची आणि दुपारनंतर दिलीपराव. हे दिलीपराव टायपिंगचा क्लास चालवायचे आणि आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून द्यायचे. स्वतःचं मशीन नसल्याने ते संस्थेचं वापरत आणि कीबोर्डाला चिलापी माशाचा वास येतो म्हणून कुरकुरत. त्यांच्या पुतण्याने प्रश्नपत्रिकांसाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दिला होता आणि मराठी छापण्यासाठी तो मुकाट्याने आमच्या लायब्ररीवर बसवला होता. आम्हाला कुणी बोललं नव्हतं. पुतण्यालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार. मशीनवर होती, चालत होती, वापरली.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या शनिवारी आबा मार्केटला भाजी घालून सहज म्हणून आमच्या ऑफिसात आले. आबा सहज असे कुठेच जात नसत. 'बघू'चा निकाल लावायला आले आहेत, हे जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला तेव्हाच मला कळलं. सरांनी त्यांना खुर्ची दिली, हातात चहा दिला. चहाचा पहिला घोट घेतल्यावर आबांनी एकदा कपात वाकून बघितलं. मी इंदापूरच्या एका सोसायटीचा संच बांधत होते. आबा ते बारकाईने बघत होते, टोमॅटोचा क्रेट भरणाऱ्याचे हात बघावेत तसे. "गाठ बरी हाय," शेवटी एवढंच म्हणाले. मला वाटलं, निम्मं काम झालं. तेवढ्यात दिलीपराव आत आले.

त्यांच्या हातात ती काढणारी फ्लॉपी होती. "सोमवारपासनं साळंची सहामाही परीक्षा हाय," ते दारातूनच म्हणाले. "पाचवीपासनं धावीपतुरचं पेपर छापायचं ऱ्हायल्यात. काल मशीनवर बसलो तर म्हणतंय फाईल न्हाय. पुतण्याला फोन केला, तर म्हणतो लायब्ररीच जाग्यावर न्हाय. तुमच्या माणसानं मशीन धुऊन न्हेलं. आन हितं नाव हाय बगा. बांधणार शैला. कोण हाय शैला?"

आबांनी कप खाली ठेवला. मी उभी राहिले. भिगवणच्या एका शाळेची परीक्षा माझ्यामुळे अडली, आणि ते माझ्या सासऱ्यांच्या समोर एक परका माणूस माझं नाव घेऊन सांगत होता. आपल्या सुनेचं नाव चारचौघांत असं निघालेलं आबा कधीच खपवून घेणार नाहीत. दिवाळीचा निकाल आजच लागला, मी मनात म्हटलं.

सरांनी हात पुढे केला. "ती फ्लॉपी बगू." त्यांनी लेबल वाचलं, खिशातलं पेन काढलं. "गाठ ह्यांनी मारली, दिलीपराव. पर कंची गाठ मारायची त्ये मी सांगितलं. मागं काय बी ठिवायचं न्हाय, ह्यो हुकूम माजा. आन उचलून आणलं ते बी मीच." असं म्हणून त्यांनी माझं नाव एका रेघेने खोडलं, त्याखाली आपलं नाव लिहिलं आणि फ्लॉपी परत दिलीपरावांच्या हातात ठेवली. "आता काय बोलायचं ते मला बोला."

दिलीपराव बोलले. भरपूर बोलले. सर उभं राहून ऐकत होते आणि मध्ये एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. दिलीपरावांचा आवाज आपणहून खाली आला तेव्हा सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता दुरुस्ती ते स्वतः करतील आणि मला बाजूला बसवतील; कुणीही तेच केलं असतं. ते म्हणाले, "शैलाताई, नुसत्या लायब्ररीचं बिऱ्हाड बांधा. संस्थेत कंचं बिल्ड होतं ते बगून घ्या. आन बांधणार म्हणून तुमचं नाव घाला."

मी बांधायला बसले. बरोबर ते बिल्ड शोधलं, मीठ घेतलं, जागा बघणारा भाग घातला, फ्लॉपीवर चढवलं. दिलीपराव घड्याळ बघत होते. "माळावर उतरवा," सर म्हणाले. दिलीपराव म्हणाले, "आवो, टाईम न्हाय." सर म्हणाले, "माळावर उतरल्याबिगर हितनं काय भाईर जात न्हाय. मगाशी तुमचा टाईम माज्यामुळं गेला. ह्यो तुमच्यासाठी घालतोय." माळ पुसला, उतरवलं, एक ओळ छापून बघितली. मात्रा, उकार जागच्या जागी. सरांनी लोकरीचा दोरा माझ्याकडे सरकवला.

भिगवणच्या एसटीत आम्ही चौघं होतो. आबा "मी बी येतो, मला कुटं घाई हाय," म्हणत आमच्याबरोबर चढले होते. संस्थेच्या ऑफिसात सर दाराशी उभे राहिले आणि मला पुढे केलं. फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर आलं, "राम राम. उतरू का?" "उतरा," असं पुटपुटत दिलीपरावांनीच बटण दाबलं. मग प्रिंटरची रिबीन काढली, सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल, म्हणजे भोकं पाडून ज्याच्यावरून प्रती काढतात तो मेणकागद, आत घातली, आणि प्रिंटरच्या सुया कोरड्या कडकड वाजायला लागल्या. स्टेन्सिल निघाली तशी त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. इयत्ता पाचवी, विषय मराठी. सगळी अक्षरं मुंडक्यापायांसकट. "च्या घेणार का?" दिलीपरावांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी पहिला मला विचारला.

परतताना एसटीत सर पुढच्या बाकावर डुलक्या घेत होते. आबा माझ्या शेजारी खिडकीपाशी. ते म्हणाले, "दुसऱ्याचं नाव खोडून सोताचं लिवणारं लई बगितल्यात. शाबासकीच्या जाग्याला. चुकीच्या जाग्याला लिवणारा ह्यो पयलाच." मग म्हणाले, "उद्या मळ्यातली वांगी काढू. सोमवारी जाताना त्यास्नी घिऊन जा." सोमवारी जाताना, हे ते इतक्या साधेपणाने बोलले, की मला खिडकीकडे तोंड फिरवायचं होतं, पण खिडकी आबांच्या बाजूला होती. मग मी पदर नीट करत बसले.

सोमवारी वांगी घेऊन गेले तर सर माझ्याआधी येऊन बसले होते. रविवारी ते कळसला जाऊन आले होते. "आयला इचारलं," ते म्हणाले. "म्हणलं, आये, तळ हलवताना आपण सगळंच उचलून न्यायचो ना? तर माज्याकडं अशी बगाय लागली. म्हणली, चुलीचं दगड कुणी उचलतं व्हय? मागनं येणारा त्येच्यावर भाकरी भाजतो." ते स्वतःशी मान हलवत राहिले. "मी घोडीवर बसून असायचो ना. वरनं दगड कुटं दिसत्यात."

त्या आठवड्यात आम्ही काढणाऱ्या फ्लॉपीची रीत बदलली. प्रोग्रॅम उतरताना लायब्ररीशेजारी आपली एक खूण करणार, उठताना आपली खूण पुसणार; कुणाचीही खूण उरली नसेल तरच लायब्ररी उचलायची. मला हे पुरेसं वाटलं. सरांना नाही. "खूण न करता बसलेली माणसंच जास्त असत्यात," ते म्हणाले. "दिलीपरावांनी केलीती का खूण? माणसाला इचारायचंच." म्हणून खुणा संपल्या तरी पडद्यावर एक शेवटचा प्रश्न यायला लागला, "ह्या दगडांवर आणखी कुणाची भाकरी आहे का?" लोक तो वाचून हसायचे. पण हसता हसता थांबायचे आणि शेजारच्या टेबलावर हाक मारून विचारायचे, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

दिवाळी आली आणि गेली. आबांनी अटीचा विषय काढला नाही. भाऊबीजेनंतर एका सकाळी मी डबा भरत होते, तर ते ओट्याशी येऊन म्हणाले, "जीप गेली तर मला सांग, मी सायकलवर सोडतो." निकाल लागला तो असा.

पुढे काही वर्षं मी सरांच्या हाताखाली काम केलं. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती, हे मला त्याच वेळी कळत होतं. फ्लॉप्यांच्या जागी सीडी यायला लागल्या. सर सीडीलाही दोरा बांधायला बघायचे, पण ती घसरायची. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा कळसला त्यांच्या आईने अंथरूण धरलं. सर काही दिवस जाऊन येऊन करत होते. मग एकदा चहाचे कप पुढे ठेवत म्हणाले, "मुक्काम हलवायचा म्हणतो." कळसला आईजवळ राहायचं आणि तिकडच्याच एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि ऑफिस? "तुमी चालवा," ते मला म्हणाले.

मला रडू येत होतं आणि त्यात भीतीही होती. मी म्हटलं, "सर, मला जमेल का?"

"दिवाळीपतुर बगू, असं मी म्हणलो का?" ते म्हणाले. म्हणजे आबांची अट त्यांना ठाऊक होती. त्या शनिवारी, पेन काढलं तेव्हाही ठाऊक असणार. मी काही विचारण्याआधी ते कप विसळायला उठले, खिडकीकडे तोंड करून.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच ऑफिस उघडलं. त्यांची खोली झाडून काढलेली होती. कपाट रिकामं, भिंतीवरचं कॅलेंडर नाही, ते ज्या खिळ्याला होतं तो खिळाही काढून भोक चुन्याने बुजवलेलं. साखरेचा डबासुद्धा नेला होता; मुंग्या गोंधळून टेबलाच्या पायापाशी फिरत होत्या. एवढा नीट उठलेला तळ मी पाहिला नव्हता. मग टेबलाकडे लक्ष गेलं. त्या लायब्ररीचा सगळा सोर्स, पहिल्या बदलापासून शेवटच्या बिल्डपर्यंत, तीन फ्लॉप्यांवर असायचा. त्या तीन फ्लॉप्या टेबलावर होत्या. बांधलेल्या नव्हत्या. एक मागे, दोन दोन्ही बाजूंना, मध्ये जागा सोडून, तोंड दाराकडे म्हणजे माझ्याकडे करून मांडलेल्या होत्या, माळावर चूल मांडतात तशा.

मी खुर्चीत बसले. त्या दिवशी इंदापूरला एक बिऱ्हाड जायचं होतं, ते बांधायला घेतलं. आता फ्लॉप्या कुणाच्या घरात सापडत नाहीत, आणि प्रोग्रॅम तारेतून जातात. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींना दोऱ्याची गाठ मारता येत नाही. पण बांधणाऱ्याचं नाव त्या घालतात आणि चुकलं तर ते कुणी खोडायचं हे मला माहीत आहे. माझ्या घरची भाकरी अजून त्या तीन दगडांवर भाजते.